गोडं पाणी

उद्याच्या पहिल्या एस.टी.नं कट्टा गावी जायचं आणि तिथल्या तळ्यावर मासे धरायचे, म्हणून लवू तांडेल काठीला गरी बांधत होता. “जलमभर दर्यात मचवो हाकलस, नि आता डबक्यात गरी टाकतलस?” शेजारचा बाबली हसला. लवूनं मान वर केली नाही. चार वर्षांमागं लवूचा मुलगा समुद्रात बुडाला, तेव्हापासून त्या पोराच्या आईनं मासा तोंडात घातला नव्हता. नवऱ्याला कालवण रांधून वाढी, स्वतः मात्र पेज पिऊन उठे. “ह्यो खटाटोप कित्याक?” चुलीपुढून तिनं विचारलं. “तळ्यातलां पाणी गोडां गो,” लवू हळू म्हणाला. “ता दर्याक मिळणा नाय. त्या पाण्यात आपलो झील नाय.” ती चुलीतलं लाकूड मागंपुढं करत राहिली. मग तिनं अडखळत विचारलं, “माका दर्यातलेच मासे रांधूक येतत. गोड्या पाण्यातल्या माशांत तिरफळां घालतत?”