भिंतीपलीकडची खोली

देवाचं नाव घ्या, जवळ सरका, शब्दाला जागणाऱ्या एका बाईची गोष्ट सांगतो. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत कळंबचा कल्हईवाला दस्तगीर बायको-लेकरं घेऊन जिवाच्या भीतीनं निघाला, तेव्हा भिंतीपलीकडं राहणारी घरमालकीण गंगम्मा म्हणाली होती, "तुझी खोली दुसऱ्याला द्यायची न्हाय." दोन महिन्यांनी तो परतला, तर वेशीतच आडतदार अण्णाराव हसला, "गंगम्माच्या घरात आता माझी पोती हायेत! लई आढेवेढे घेतले म्हातारीनं, पण दिली शेवटी किल्ली." दस्तगीरनं डोक्यावरचं बोचकं खाली ठेवलं. मागं उभ्या लेकरांना आता कुठं न्यावं? कसंबसं घर गाठलं, तर त्याच्याच खोलीतून धूर निघत होता. आत चुलीपाशी गंगम्मा भाकरी थापत बसलेली.

"आलास व्हय? पोत्यांना म्या माझी खोली दिली. आता मला भाडेकरू ठेवतोस का रं?"

मायबाप हो, कुणाला शब्द द्याल तेव्हा गंगम्माची आठवण असू द्या.