बाबांचा रस्ता

टायरच्या दुकानात आसावरी कागदावर आकडेमोड करत उभी होती. गाडीला चार नवे टायर घेतले होते. खड्ड्यांपासूनचं संरक्षण वेगळे पैसे भरून घ्यावं का, एवढंच ठरायचं होतं.

"ताई, दोन वर्षांत टायर फाटला, फुगा आला, तर नवा देऊ," दुकानदार जंगमशेठ म्हणाले. "रोज जाता कुठल्या रस्त्यानं?"

"नव्या बायपासनं. म्हणजे नकोच," ती हसली. "तो रस्ता माझ्या बाबांनी केलाय."

बाबा शेजारीच स्टुलावर बसले होते. सरकारी अभियंता म्हणून त्यांनी पास केलेलं ते शेवटचं काम. मोजल्याशिवाय कशावरही सही करायची नाही, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. त्याच धड्यावर ती पदार्थविज्ञानापर्यंत पोचली होती.

"घेऊन टाक," बाबा म्हणाले.

"कशाला? डांबराचा थर तुम्हीच मोजलाय ना? तो आकडा सांगा, टायर फाटण्याची शक्यता काढून दाखवते."

बाबांनी मान खाली घातली. "ठेकेदारानं दाखवलं, तेवढ्याच जागी खोदून मोजलं आम्ही. बाकीचा रस्ता एक पावसाळाही काढायचा नाही."

आसावरीनं हातातला कागद चुरगळला.

शेठनी संरक्षणाचा फॉर्म पुढे सरकवला. "वाचत बसू नका ताई. सगळे नुसती सही करतात."

बाबांच्या देखत तिनं तो ओळ न् ओळ वाचला, आणि मगच सही केली.