भुंडा हात

"डावा हात राहू दे," मी कासारणीला म्हटलं. "डायलिसिसच्या सुया त्याच हातात टोचतात. तिथे बांगडी चालत नाही."

नणंदेच्या लग्नासाठी घरात बांगड्या भरणं चाललं होतं. सासूबाई लगेच म्हणाल्या, "सवाष्णीनं भुंडा हात घेऊन मांडवात फिरायचं? नवऱ्याच्या आयुष्याला बरं नसतं ते."

नवऱ्याच्या आयुष्याला! माझ्या आयुष्याचं डॉक्टर गेल्याच आठवड्यात बोलले होते. "डायलिसिसवर कुणी पाच वर्षं काढतं, कुणी पंधरा. पण तुमच्या मिस्टरांची किडनी जुळतेय. ती बसवली तर आयुष्य वाढेल." घरी आल्यावर सासूबाईंनी विषयच मिटवला. "कर्त्या माणसाच्या अंगाला सुरी लावायची नाही." हे पेपर वाचत होते. पान उलटलं, तोंड काही उघडलं नाही.

आज मात्र उघडलं. "घाल ना दोन," दारातून हे म्हणाले, "आईच्या समाधानासाठी."

माझा उजवा हात कासारणीनं नुकताच हिरव्या चुड्यानं भरला होता. तोच मी भिंतीवर आपटला. काचा तिच्या टोपलीत जाऊन पडल्या.

"अगं, बांगड्या फोडल्यास?" हे ओरडले.

"फोडल्या म्हणू नये रे शुभकार्यात," सासूबाई सवयीनं बोलून गेल्या. "वाढवल्या म्हणावं."

"खरंय," मी म्हटलं. "या घरात माझं आणखी काय वाढणार?"