देवराईची मोजणी

"झाडं, गुरं, लेकरं मोजायची नसतात. मोजलं की कमी होतं," म्वारिंगा आजोबा म्हणाले. किलिफीजवळच्या त्या देवराईत कुणाला सोडायचं, हे तेच ठरवत.

दामा त्यांच्याच गावची, आता संशोधन केंद्रात नोकरीला. "आजोबा, पलीकडच्या टेकडीवरची देवराई कुणी मोजली नव्हती. नकाशावर ती कोरी दिसली, म्हणून दगडाच्या खाणीला देऊन टाकली. आपलीही कोरीच आहे, आणि खाणवाल्यांनी आता हीसुद्धा मागितली आहे."

"शिकून आलीस ती म्हाताऱ्याला घाबरवायला होय?"

तरी ते उठले. देवराईच्या तोंडाशी माडी शिंपडून त्यांनी पूर्वजांची माफी मागितली, दामाला चपला काढायला लावल्या आणि तिची मोजणी संपेपर्यंत कानांवर हात ठेवून वाटेवर बसून राहिले.

पुढे खाणीच्या मागणीवरची नैरोबीतली सरकारी बैठक आटोपून दामा परतली, ती थेट त्यांच्या अंगणात येऊन बसली.

"आकडा सांगू नकोस," आजोबा घाईघाईने म्हणाले. "नुसतं सांग, कमी निघाली का?"

"नाही, आजोबा. दुर्मीळ म्हणतात ती झाडंसुद्धा भरपूर निघाली."

"मग तोंड का पाडून बसलीस? साहेबांना दाखवलं नाहीस का?"

"दाखवलं ना. साहेब म्हणाले, इतकी आहेत, मग निम्मी तोडली तर काय बिघडलं?"