एकच चांदणी

देशानं स्वतःचं चलन सोडून शेजारच्या देशांबरोबर एकच चलन घ्यावं का, यावर रविवारी मतदान होतं. धाकटे दीर त्या एका चलनाचे भलतेच कैवारी. त्यांनी सुरुवात घरापासूनच केली. मुलं शहाण्यासारखी वागली की मी त्यांच्या कपाळावर सोनेरी चांदणी चिकटवायचे आणि जाऊबाई चंदेरी. कुणाची भारी, यावरून पोरांची रोज जुंपायची.

"वहिनी, दोघींची मिळून एकच निळी चांदणी करू," दीर म्हणाले. "पाकीट हिच्याकडे राहू दे, हिचा हात जरा आखडता आहे. बाकी काही बदलत नाही हो. तुमची लेक तुमचीच!"

शनिवारी लेकीला ताप आला. कडूजहर औषध तिनं डोळे गच्च मिटून गिळलं आणि कपाळ माझ्यापुढे केलं. मी जाऊबाईंच्या दाराशी गेले.

"या आठवड्याच्या संपल्या हो ताई," आतूनच उत्तर आलं. "शिस्त म्हणजे शिस्त."

परत येऊन मी त्या तापलेल्या कपाळाचा पापा घेतला. लेकीनं तो बाहीनं पुसून टाकला.

"तुझ्याकडे काहीच नसतं, आई. आता मी काकूचंच ऐकणार."

सकाळी मतदानाला निघताना दिरांनी दारातच गाठलं. "काय वहिनी, मत एका चलनालाच ना?"

"मी काय सांगू, भावजी?" मी चपला घालत म्हटलं. "जाऊबाईंना विचारावं लागेल."