नाक असलेलं घर

घरांना नाक आणि वाचा आली, तेव्हा मानवजातीचा एक सनातन प्रश्न कायमचा सुटला. भाडेकरू आत काय शिजवतो, ते मालकाला घरबसल्या कळू लागलं.

'घरात मासे शिजवायचे नाहीत' ही अट मोडल्याची तक्रार फ्लॅटनेच करताच घरमालक दंडवते करार मोडायला थेट येऊन धडकले. दहावीतल्या मुलीला घेऊन आता कुठे घर शोधायचं, या विचारातच भाडेकरू हर्षदा तांडेलने दार उघडलं.

"काय शिजतंय?" दंडवत्यांनी भिंतीला दरडावलं.

"बांगड्याचं तिखलं," घराने कबूल केलं. "पण साहेब, नुसत्या वासावर करार मोडता येत नाही. चाखून खात्री करावी लागते."

दंडवते नाइलाजाने पानावर बसले.

"काका, भात वाढू?" हर्षदाने विचारलं.

"थोडाच. पुराव्यापुरता."

करार आणखी अकरा महिन्यांसाठी वाढला. त्यात मालकाची तपासणी दर बुधवारी दुपारी एक वाजता आहे.