ज्योतीरामभाऊंची बदली

"अहो, कपाट आडवं नका करू, दारं निखळतील!" ज्योतीरामभाऊ हमालांवर ओरडले आणि स्वतःच खांदा द्यायला धावले.

निगडीतलं घरकुल कार्यालय आज बंद होत होतं. शहराचं हे छोटं ऑफिस जिल्ह्याच्या मोठ्या ऑफिसात विलीन झालं होतं. गरिबाला परवडणारी घरं आता पुण्यातून वाटली जाणार, आणि इथली माणसं जिल्हाभर पांगणार. कोण कुठं जाणार, ते जिल्ह्याच्या तनुजा मॅडम संध्याकाळी येऊन सांगणार होत्या.

भाऊंची चाकणची कंपनी बंद पडली तेव्हापासून ते इथं. सगळ्यांच्या आधी यायचे, पंखे लावायचे, खिडकीशेजारच्या खुर्चीतून आल्यागेल्याला वाट दाखवायचे. कुठला दाखला कमी पडतोय, कुठले साहेब आज खुशीत आहेत, सगळं तोंडपाठ. वॉचमन रामराम घालायचा, चहावाला न सांगता कप ठेवायचा. पण मोठ्या ऑफिसात आपल्याला कुत्रंही विचारणार नाही, इतक्या वर्षांची हजेरी पाण्यात जाणार, हाच घोर त्यांना लागला होता.

"सगळ्या गावाची कामं करता ओ, अन् आपलं तेवढं बोलायला तोंडाला कुलूप!" सकाळीच इंदुताईंनी नवऱ्याला फैलावर घेतलं होतं. चिखलीतल्या भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत मेसच्या चपात्या लाटून लाटून त्या बाईचे खांदे गेले होते. "आज तरी विचारा. ऑफिस गेलं की संपलं."

"विचारतो की," भाऊ म्हणाले होते. असं ते दरवेळी म्हणत. पण हेडक्लार्क गणराज कामात दिसले की हे आल्या पावली आपल्या खुर्चीकडं परतायचे. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काय उगीच?

दुपारी सोजरबाई पेढे घेऊन आली. मागच्या सोडतीत तिला घर लागलं होतं.

"पयला पेढा तुमाला," ती म्हणाली. "तुमी कागदं नीट लावून दिली नसती, तर आमी आजून झोपडीतच असतो. तुमी बी जानार व्हय आता?"

"बघू, मॅडम काय म्हणतात ते."

भाऊंनी पेढा रुमालात बांधून खिशात ठेवला. इंदुताईंना आवडतो. सोजरबाईनं जाताना वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांना उगाचच भरून आलं.

तनुजा मॅडम आल्या. तरुण, बोलायला चोख. रिकाम्या हॉलमध्ये सगळे उभे राहिले. मॅडमनी एकेकाचं नाव घेतलं. गणराज पुण्याला. खिडकीवरची रुपाली राजगुरुनगरला. वॉचमनचीसुद्धा कुठंतरी सोय लागली. कुणाचा जीव भांड्यात पडला, कुणाचं तोंड उतरलं. रुपाली तर रडायलाच लागली. घरी लहान पोर, आणि रोजची एसटी.

भाऊंचं नाव आलंच नाही.

मॅडम पर्स उचलून निघाल्या, तेव्हा मात्र भाऊंनी मन घट्ट केलं. आज नाही तर कधीच नाही.

"मॅडम," ते पुढं झाले. "माझं राहिलं."

"तुमचा हुद्दा?"

भाऊंनी गणराजांकडं पाहिलं. एवढा बोलका माणूस, पण आज खाली फरशीकडं बघत राहिला. रुपालीनं ओढणी तोंडाशी धरली.

"अहो, विचारतेय मी. हे कुठल्या विभागात आहेत?"

"कुठल्याच नाही, मॅडम," गणराज कसेबसे म्हणाले. "कंपनी बंद पडली तेव्हा भाऊ घरासाठी अर्ज द्यायला आले होते. साहेब जेवायला गेलेत, जरा बसा, असं मीच म्हणालो होतो."